तुडुमाचे तोंड कोणत्या बाजूला

आमच्या घराण्याने तलाव बांधले. हे वाक्य माझा मुलगा इंद्रकुमार दिवसभरात इतक्यांदा उच्चारतो की, ऐकणाऱ्याला वाटावे, बांधावरची माती त्यानेच टोपलीने वाहिली असावी. प्रत्यक्षात तलाव त्याच्या पणजोबांच्याही आधीचा आहे, आणि इंद्रकुमारने त्यात आजवर घातलेली एकमेव भर म्हणजे मोटारसायकल धुताना हातातून निसटलेली साबणाची वडी. जमीन वाटण्यांमध्ये लहान होत जाते. अभिमान मात्र प्रत्येक वारसाला पूर्णच्या पूर्ण मिळतो. तो अभिमान तलावापुरता राहिला असता तर मला काही म्हणायचे नव्हते. तो मोटारगाडीच्या इंजिनात शिरला, म्हणून ही हकीकत लिहावी लागत आहे.

घरात एक पांढरी चारचाकी आहे. माझा नातू ओमेश याच्या लग्नाआधी ती मोठ्या हौसेने घेतली. ओमेश गोंदियाला मोबाइलच्या दुकानात असतो आणि सुट्टीपुरता घरी येतो. त्यामुळे गाडी बराच काळ मांडवाखाली उभी होती आणि तिचा खरा उपयोग कोंबड्याच करीत होत्या. तेव्हा गाडीच्या तब्येतीची कोणालाही काळजी नव्हती. पुढे नातसून रेणूला सौंदडजवळच्या एका राइस मिलच्या ऑफिसात नोकरी लागली. आमच्या आडगावातून सकाळची एस.टी. निघते ती मिलचे कामकाज सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर. रेणू माहेराहून गाडी शिकून आलेली होती. तिने कोंबड्या हाकलल्या, काचा पुसल्या आणि गाडी बाहेर काढली. त्याच दिवसापासून आमच्या घरातील पुरुषांना गाडीचा लळा लागला.

मिलमध्ये धानाचे ट्रक रेणूच्या सहीशिवाय आत येत नाहीत. ट्रकवाले तिला 'मॅडम' म्हणतात. ती 'मॅडम' रोज संध्याकाळी गावाच्या वेशीबाहेर उतरून जाते आणि घरात येते ती डोक्यावर पदर घेतलेली सून. मला दोघीही ठाऊक आहेत. इंद्रकुमारला एकच ठाऊक आहे आणि त्याला तेवढीच पुरेशी वाटते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, मिलकडे जाताना हायवेवर गाडी उकळली. काटा लाल रेघेवर, बॉनेटखालून वाफ. रेणूने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि घरी फोन केला. हे सर्व तिने योग्य केले, म्हणून साहजिकच तिची चौकशी सुरू झाली.

ओमेशने गोंदियाहून, गाडी न पाहता, निदान पाठवले. "तूने पक्का सेकंड गिअर में खींची होगी," तो म्हणाला. गोंदियाला राहून तो बायकोशीही हिंदीत बोलू लागला आहे.

"बाईच्या पायात जोर राहते," इंद्रकुमार म्हणाला. "अॅक्सिलेटर दाबूनच ठेवते."

मी विचारले, "पायात जोर राहते तं गाडी पळाली पाहिजे. उकळली कायले?"

इंद्रकुमार गाडी ओढून न्यायची सोय पाहायला उठला.

गाडी ओढून सडक अर्जुनीला बिसराम मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. त्या दिवशी मला डोळे तपासायला जायचे होते, म्हणून मीही इंद्रकुमारबरोबर गेले. डोळ्यांचे राहिले, पण गॅरेजात जे पाहिले ते मात्र मी स्पष्ट पाहिले. बिसरामने मला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेले झाकण उघडून मुठीत मावेल असा एक पितळी तुकडा बाहेर काढला. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. गॅरेजात नुसता 'वॉल' म्हणतात. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद राहतो. इंजिन तापले की उघडतो आणि तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरकडे सोडतो; तेथे वाऱ्याने थंड होऊन ते परत येते. आमच्या गाडीतला वॉल बंद अवस्थेतच गंजून बसला होता. रेणूच्या पायाचा त्याच्याशी काही संबंध असल्याचे बिसरामला दिसले नाही. मात्र त्याने तसे सांगितल्यावर इंद्रकुमारचा चेहरा पडला.

"काका, हा वॉल फेकूनच देऊ," बिसराम म्हणाला. "आपल्या मुलकात गर्मी कमी आहे का? पानी अडवाचं कायले? वाहू द्या ना मोकळं. मी समद्यांच्या गाडीतून काढून टाकतो."

इंद्रकुमार ताठ झाला. "मोकळं? अरे, तुडूम उपटून फेकला तं तलावात काय राहीन? बेडकं?"

तुडूम म्हणजे तलावातून शेताकडे पाणी सोडण्याची जागा. त्याची भोके बुचांनी बंद असतात आणि लागेल तसे एकेक बूच काढतात. इंद्रकुमारचे म्हणणे येथवर अगदी बरोबर होते. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. ती परत घ्यायला मला फारसा वेळ लागला नाही.

नवा वॉल आला. बिसरामने तो हातात फिरवला. जुना काढताना तो कसा बसला होता, हे पाहण्याचे कष्ट त्याने घेतले नव्हते. एका बाजूला सपाट चकती, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि तिच्यात एक डबी.

"कोन्या अंगानं बसवू? हा तं दोन्हीकडून बसते," तो म्हणाला.

"मले विचारून राहिला तू?" इंद्रकुमार पुढे सरसावला. "पाह. रेडिएटर म्हंजे तलाव, इंजिन म्हंजे वावर. तुडुमाचं तोंड कोनीकडं राहते?"

"तलावाकडं."

"मंग! हे डबीचं अंग म्हंजे तोंड. कर तलावाकडं. आमच्या घरान्यानं तलाव बांधले बापा, पान्याचं आमाले नको शिकवू."

"तुमी मालक. तुमी म्हना तसा," बिसराम म्हणाला आणि त्याने झाकणाचे बोल्ट आवळले.

अशा रीतीने आमच्या घराण्याने वीतभर नळीत आणखी एक तलाव बांधला.

दुसऱ्याच दिवशी रेणू कामावर निघाली आणि मिल दिसू लागण्याआधी गाडी पुन्हा उकळली. या वेळी घरात जो आनंद झाला, तो लपवण्याचा प्रयत्न इंद्रकुमारने केला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. संध्याकाळी त्याने ओसरीवर सर्वांना बसवले. ओमेश सुट्टीवर आलेला होता.

"वॉल नवा," इंद्रकुमार म्हणाला. "पानी नवं. नळ्या ठीक. जुनी एकच गोष्ट राह्यली. चालवनारी. सूनबाई, चाबी इकडं दे. अन् मिलवाल्याले सांगून दे, सोमवारपासून नाई येत म्हनून."

रेणूने किल्ली पुढे केली नाही. ती म्हणाली, "मामाजी, मले एकदा बॉनेट उघडून पाहू द्या. मिलमध्ये बॉयलरवर असे वॉल राहतेत. मी रोज पाहतो."

"सूनबाई बॉनेट उघडन? अन् गाव पाहीन?"

बॉनेटचा आणि पदराचा काही संबंध आहे, हे मला त्या दिवशी समजले.

"रेणू, मान जा ना," ओमेश म्हणाला. "नोकरी काय, गावात बी काही पाहू. मी व्हिडिओ पाहिलो, लेडीज लोक क्लच पर पैर रखके..."

"तुमी गाडी किती चालवली?" रेणूने विचारले.

ओमेश मोबाइलमध्ये पाहू लागला. मग तिने माझ्याकडे पाहिले. ती रडत नव्हती. रडली असती तर मी उठून गेले असते; मला ते सहन होत नाही. ती नुसती, ट्रक आत घ्यायचा की बाहेर थांबवायचा हे विचारणाऱ्या माणसाने पाहावे, तशी पाहत होती, आणि सही माझी हवी होती.

मी म्हटले, "इंद्रा, रविवारी सौंदडले साक्षगंध आहे आपल्या टीनाचं. गाडी तू चालव. मी बसतो, रेणू बसते, ओमेश बसते. गाडी नीट पोचली तं रेणू नोकरी सोडन. मधात उकळली तं चाबी तिच्याजवळ राहीन अन् तू पुन्हा नाव काढाचं नाई."

"मंजूर," इंद्रकुमार म्हणाला. तो इतक्या चटकन 'मंजूर' म्हणाला की मला त्याच्या वडिलांची आठवण झाली. तेही निवडणुकीला असेच उभे राहिले होते.

टीना म्हणजे माझ्या भाचीची मुलगी, आणि साक्षगंध म्हणजे तिचा साखरपुडा. माझी सून सुशीला आदल्या दिवशीच मदतीसाठी सौंदडला जाऊन पोहोचली होती, त्यामुळे पुढचे दृश्य पाहण्याचे तिचे दुःख तरी टळले. रविवारी उन्हे वर आल्यावर आम्ही निघालो. इंद्रकुमार स्टीअरिंगवर, शेजारी ओमेश, मागे मी आणि रेणू. रस्ताभर इंद्रकुमारने आम्हांला गाडी कशी चालवावी हे समजावून सांगितले. पाय कसा अलगद ठेवावा, गिअर कसा ऐकून बदलावा, इंजिनाशी कसे प्रेमाने वागावे. इतके प्रेम त्याने घरातल्या कोणाशी केल्याचे मला आठवत नाही.

हायवेला लागून थोडे पुढे गेलो असू. रेणू मागून हळूच म्हणाली, "मामाजी, काटा वर चढून राहिला."

"तू मांगं पाहून बस."

"वाफ निघून राहिली, मामाजी."

"धुई आहे ते."

समोरच्या शेतात ऊन इतके लख्ख पडले होते की धानाची उरलेली धसकटे मोजता आली असती. केवळ आमच्या बॉनेटपुरते धुके पडले होते. पुढे एक ढाबा दिसला आणि इंद्रकुमारला अचानक चहाची इच्छा झाली. गाडी थांबताच बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज करीत पाणी बाहेर आले आणि बाजेवर बसलेले ट्रक ड्रायव्हर पाय वर घेऊन बसले.

मी इंद्रकुमारकडे पाहिले. मी नुसते पाहिले की त्याला जास्त त्रास होतो.

"वजन जास्त झालं," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला.

"मले उतरवून टाक मंग. ट्रकवाला नेईन."

"तसं नाई व माय... चढ होता रस्त्याले."

"कोनता चढ? इथून सौंदडलोक टेकाड बी नाई." आमच्याकडे 'सौंदडलोक' म्हणजे सौंदडपर्यंत.

"हवा उलटी होती," ओमेशने वडिलांना आधार दिला.

चहा आला. इंजिन निवायला वेळ लागणार होता. रेणू उठली, पदर खोचला आणि गाडीपाशी गेली. बॉनेट इंद्रकुमारनेच उघडून ठेवले होते, त्यामुळे अब्रूचा तेवढा प्रश्न सुटला होता. तिने एका फडक्याने इंजिनाजवळची जागा चाचपली, मग पुढे रेडिएटरवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून ती उभी राहिली.

"मामाजी, इथं हात लावा. इंजिन उकळलं, अन् रेडिएटर थंडगार आहे."

इंद्रकुमारने हात लावला. त्याचा चेहरा उजळला. "थंड आहे म्हंजे चांगलंच काम करून राहिला ना तो!"

मी खुर्ची गाडीजवळ ओढून घ्यायला सांगितली. मीही हात लावला. खरोखर, सकाळच्या माठासारखा थंड होता. बाजूला पाणी उकळते आहे आणि त्यातले थेंबभरही येथवर आलेले नाही, एवढे समजायला मला चष्मा लागला नाही.

"रेणू," मी म्हटले, "तो वॉल काढ."

"माय! हायवेवर? लोक पाहून राहिले."

"पाहू दे. आपन नवरी पाहाले जाऊन राहिलो; लोकांनं आपली गाडी पाह्यली तं काय झालं?"

एका ट्रक ड्रायव्हरने पाने दिले. त्याने रेणूला ओळखले. सौंदडच्या मिलमध्ये धान उतरवून आला होता. "मॅडम, हम कर दें क्या?" त्याने विचारले. "नहीं भैया, हो जाएगा," रेणू म्हणाली. इंद्रकुमारने 'मॅडम' हा शब्द त्या दिवशी प्रथम ऐकला आणि कोणाला हाक मारली हे पाहण्यासाठी मागे वळून पाहिले.

इंजिन निवल्यावर रेणूने बोल्ट सैल केले आणि वॉल बाहेर काढला.

"डुप्लिकेट निकला," ओमेश म्हणाला. "मैंने पहले ही बोला था." त्याने पूर्वी काय म्हटले होते ते कोणालाच आठवले नाही, बहुधा त्यालाही नाही.

"पाहू," रेणू म्हणाली. ढाब्याच्या चुलीवर गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळत होते. तिने वॉल तारेला बांधून त्यात सोडला. ढाबेवाला घाबरून म्हणाला, "बाई, ते पानी चायचं आहे जी." मी त्याला सांगितले की तो चहा आम्हीच घेऊ. थोड्या वेळाने वॉलची चकती हळूच उचलली गेली आणि मध्ये फट पडली. रेणूने तो वर काढून धरला. तो निवत गेला तशी फट पुन्हा मिटली. वॉल उत्तम होता.

"वॉल नवा," मी म्हटले, "पानी नवं, नळ्या ठीक. मंग जुनं काय राह्यलं, इंद्रा? आज चालवनारी कोन होती?"

इंद्रकुमार रस्त्यावरचे ट्रक पाहू लागला. रेणूच्या जागी दुसरी कोणी असती तर येथेच हसली असती. ती हसली नाही. तिने वॉल पुसला आणि सासऱ्याच्या हातात दिला.

"मामाजी, तुमीच सांगा. तुडूम कवा उघडाचा, हे कोन ठरवते? तलाव?"

"तलाव कायचा ठरवन? पानकर ठरवते."

पाणी वाटणारा गावाचा माणूस, तो पाणकर. त्याच्या शब्दाशिवाय आमच्याकडे बूच निघत नाही, मग मालक का असेना.

"अन् पानकर पाहते कोनीकडं?"

"वावराकडं. धान सुकला का पाहते. तलावाकडं पाहून त्याले काय समजन?"

"ह्या वॉलचा पानकर ह्या डबीत बसला आहे," रेणू म्हणाली. "आत मेन राहते, मेनबत्तीचं असते तसं. गरम लागलं का फुगते अन् दार उघडते. वावर म्हंजे इंजिन, तुमी म्हटलं ते बराबर आहे. पन आपला पानकर तलावाकडं तोंड करून बसला. त्याले थंडच पानी दिसून राहिलं. मांगं वावर जळलं तरी त्याले काय मालूम?"

 इंद्रकुमारने वॉल एका बाजूने पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला. मग डबी इंजिनाच्या दिशेला करून, हवेतच, तो बसवून पाहिला. त्याच्या तोंडावर जे आले ते मी आई म्हणून ओळखते. लहानपणी गणित सुटले की असेच येई. क्वचितच येई, म्हणून लक्षात राहिले आहे.

"मी बिसरामले हेच सांगून राहिलो होतो," तो म्हणाला.

"हो," मी म्हटले. "मी होती ना तिथं."

त्याने वॉल स्वतःच्या हाताने बसवला, डबी इंजिनाकडे करून. रेणूने रबराचे कडे नीट दाबले, बोल्ट आवळले. ढाबेवाल्याने बादलीभर पाणी दिले. इंजिन सुरू केले. काही वेळाने रेणूने पुन्हा रेडिएटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तापला होता. तापलेल्या रेडिएटरचा एवढा आनंद झालेले कुटुंब त्या हायवेवर दुसरे नसावे.

किल्लीचा निकाल लागला, असे मला वाटले. परंतु इंद्रकुमारमध्ये वकील होण्याचे गुण होते आणि ते शेतीत वाया गेले.

"माय, वॉलचा फैसला झाला," तो म्हणाला. "पायाचा कुठं झाला? उकळली ते वॉलनं उकळली. हिचा पाय तं अजून तसाच आहे. उद्या परवा दुसरं काही जळन. नोकरीचं मी अजून हो नाई म्हटलं."

रेणूच्या हातातले फडके थांबले. शब्द दिलेला होता, पण आमच्या घरात दिलेला शब्द आणि पाळलेला शब्द यांच्यामध्ये नेहमी एक खाट टाकलेली असते. मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घातला असता तर तो जिंकला नसता आणि हरलाही नसता. केवळ रोज सकाळी किल्ली शोधावी लागली असती. मी एवढेच म्हटले, "रेणू, इथून तू चालव. इंद्रा, तू मांगं माझ्याजवळ बस."

सौंदडपर्यंत काटा मध्यभागी स्थिर होता. इंद्रकुमार मागून मान लांब करून तो पाहत राहिला, आणि काटा हलत नाही याचे त्याला सुख वाटते आहे की दुःख, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

मांडवात पोहोचलो तेव्हा पाहुणे मंडळी बसलेली होती. "उशीर झाला मामा?" कोणीतरी विचारले. इंद्रकुमारने तोंड उघडले आणि गाडी बिघडली होती असे सांगून विषय मिटवणार, इतक्यात मी म्हटले, "अरे, इंद्रानं हायवेवर गाडी दुरुस्त केली. स्वतःच्या हातानं. सांग ना गा, कशी केली ते."

रेणूने माझ्याकडे पाहिले. मी तिला मान हलवून बायकांत जायला सांगितले.

मग इंद्रकुमार बोलू लागला. वॉल खिशात नव्हता, म्हणून त्याने पानाचा डबा हातात घेतला. रेडिएटर म्हणजे तलाव, इंजिन म्हणजे वावर. पाणकर तलावाकडे तोंड करून बसवला तर काय होईल? नवरदेवाचे काका म्हणाले, "वावर जळन." "जळन ना!" इंद्रकुमार गर्जला. "मिस्त्र्याले समजलं नाई. आमच्या घरान्यानं तलाव बांधले." ओमेशने मध्येच "पापाने हवेत बसवून दाखवला" असे सांगून पुराव्याची बाजू सांभाळली. मंडळी मान डोलवत होती. दोघांनी आपापल्या गाड्या दाखवण्याचे ठरवले. नवरीकडे कोणी पाहत नव्हते, आणि ती बिचारी निवांत बर्फी खात होती.

हकीकत तिसऱ्यांदा सांगून झाली आणि मांडवात सर्वांत जास्त माणसे जमली, तेव्हा मी काठी टेकून उभी राहिले.

"इंद्रा, म्हंजे गाडी आता पक्की झाली?"

"पक्की म्हंजे! दहा वर्सं पाहा नाई लागत."

"मले भेव वाटते बापा. रेणूले रोज मिलमध्ये जा लागते. नाई तं राहू दे, नोकरी सोडून दे म्हनतो तिले. तू दुरुस्त केलेली आहे गाडी, भरवसा ठेवावा तं कसा..."

 नवरदेवाच्या काकांनी इंद्रकुमारकडे पाहिले. मांडवाच्या दारात, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, रेणू उभी होती.

इंद्रकुमारने एकदा माझ्याकडे पाहिले. तो मूर्ख नाही. माझा मुलगा आहे. आपण कोठे उभे आहोत हे त्याला समजले, पण तोपर्यंत सभोवार एवढी माणसे होती की उतरायला जागा नव्हती.

"कायले सोडन नोकरी?" तो मोठ्याने म्हणाला. "मी दुरुस्त केलेली गाडी आहे! रोज नेईन सूनबाई. रायपूरलोक नेऊ दे!"

"सौंदडलोकच, मामाजी," रेणू दारातून पुढे येत म्हणाली आणि तिने त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.